डावीकडचे बिंदू

लग्नाकार्यात जुने विद्यार्थी भेटतात. वाकून नमस्कार करतात, ताटात आग्रहानं आणखी एक पुरी टाकतात आणि मग हळूच विचारतात, "मॅडम, ते संमिश्र संख्यांचं प्रकरण आम्हाला नेमकं कशासाठी होतं?" विचारणारा कोणी वीज कंपनीत असतो, कोणाचं धामणगाव रेल्वे या गावी मोटार रिवाइंडिंगचं दुकान असतं. मी "पास होण्यासाठी" असं सांगून मोकळी होते. पंगतीत याहून लांब उत्तर देणं बरं दिसत नाही. पण त्या प्रकरणाशी माझं जे नातं जडलं ते आमच्या गावंडे सरांमुळे, आणि ती हकीकत पंगतीत सांगण्यासारखी नाही. म्हणून इथे लिहिते.

अमरावतीच्या एका तंत्रनिकेतनात मी डिप्लोमाच्या पोरापोरींना गणित शिकवत असे. दर वर्षी एक प्रकरण मला हमखास छळायचं: संमिश्र संख्या त्रिकोणमितीय रूपात मांडणे. ज्यांचा गणिताशी संबंध दहावीलाच संपला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपल्या नेहमीच्या संख्या एका आडव्या रेषेवर राहतात. शून्याच्या उजवीकडे अधिक, डावीकडे उणे. उणे एकचं वर्गमूळ त्या रेषेवर कुठेच सापडत नाही, म्हणून गणितवाल्यांनी शून्यातून वर जाणारी दुसरी रेषा आखली आणि तिच्यावर 'आय' नावाची संख्या बसवली. दोन रेषांमुळे कागदभर जागा मोकळी झाली. त्या जागेवरचा एकेक बिंदू म्हणजे एकेक संमिश्र संख्या. तीन अधिक चार आय म्हणजे उजवीकडे तीन जा, मग वर चार. हा झाला पत्ता सांगायचा एक प्रकार. दुसरा असा, की शून्यावर उभं राहायचं, ठरावीक कोनात तोंड वळवायचं आणि सरळ चालत सुटायचं. पत्त्यात फक्त कोन आणि अंतर सांगायचं. हेच ते त्रिकोणमितीय रूप. गुणाकार करायचा असला की हा दुसरा प्रकार फार सोयीचा पडतो. अंतरांचा गुणाकार, कोनांची बेरीज, काम संपलं. घराघरात येणाऱ्या विजेचा हिशोब याच रीतीनं होतो, म्हणून इलेक्ट्रिकलच्या पोरांना हे प्रकरण चुकवता येत नाही.

खोच असते ती कोनात. उणे एक अधिक आय ही संख्या घ्या. ती शून्याच्या डावीकडे, वरच्या बाजूला बसते. तिचा कोन एकशे पस्तीस अंश. कॅल्क्युलेटरला विचारलं तर तो सांगतो उणे पंचेचाळीस, म्हणजे उजवीकडे खाली, नेमकं उलट्या दिशेला. त्या बिचाऱ्याच्या हातात फक्त दोन आकड्यांचा भागाकार पडतो, आणि उणं कोणत्या आकड्याला होतं हे त्या भागाकारात विरघळून जातं. त्यामुळे तो जन्मभर उजव्या अर्ध्यातलीच उत्तरं देत राहतो. भातकुलीहून येणाऱ्या एका मुलीनं मला भर वर्गात विचारलं होतं, "मॅडम, मशीन खोटं काहून बोलन?" वर्ग हसला, पण तिचा प्रश्न रास्त होता. पेपर तपासताना असे उजवीकडे जाऊन बसलेले बिंदू इतके सापडायचे, की माझ्या लाल पेनाची शाई त्यांच्यावरच संपत असावी. आधी चित्र काढा, बिंदू कुठल्या चरणात, म्हणजे दोन रेषांनी पाडलेल्या चार भागांपैकी कोणत्या भागात आहे ते बघा, मग कोन लिहा, हे मी किती वेळा सांगितलं असेल याचा हिशोब नाही.

हेच गावंडे सर सांगायचे तेव्हा मात्र पोरं ऐकायची.

विनायक गावंडे मूळचे हिवरखेडचे. घरची काळ्या मातीची शेती भावांकडे सोपवून ते शिकले. घर केलं अकोल्याला आणि नोकरी अमरावतीला, त्यामुळे रोजची ये-जा. आमच्या विभागात गणिताला आम्ही दोघंच होतो. मी शिकवायचे पुस्तकातल्या मराठीत, मधूनमधून इंग्रजी शब्द पेरून. सर शिकवायचे थेट वऱ्हाडीत. बाहेरून तपासणीला आलेली मंडळी दचकायची, पण सरांना त्याचं काही नव्हतं. फळ्यावर हातानंच एका दमात गोल काढायचे, मध्ये टिंब द्यायचे आणि म्हणायचे, "समज तू वावरातल्या विहिरीवर उभा हायेस. बाभूळ कोन्या बाजूनं हाये थे पह्यले पाहा. किती दूर हाये थे मंग पाहू." मला त्यांचा थोडा हेवा वाटायचा हे खरं. पण त्याहून जास्त भरवसा वाटायचा. मला तासाला जाणं जमलं नाही तर माझा वर्ग त्यांच्याकडे द्यायचा, आणि परत आल्यावर पोरांकडून "सरच येऊ द्या ना" हे निमूट ऐकून घ्यायचं.

माझ्या निवृत्तीच्या आधीच्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळच्या तासाला इलेक्ट्रिकलच्या वर्गातली एक मुलगी धापा टाकत स्टाफरूममध्ये आली. म्हणाली, "मॅडम, सर आज अर्ध्याच बोर्डावर लिहून राहिले. दाराकडून हाका मारल्या तं पाहतच नाईत." मला क्षणभर काही कळलं नाही. पण ती पोरगी घाबरलेली होती, म्हणून हातातला चहा तसाच ठेवून उठले.

फळ्याचा डावा अर्धा भाग कोरा होता, नुकताच पुसल्यासारखा. उजव्या अर्ध्यात अक्षरं एकमेकांवर चढली होती. सर लिहीतच होते. डस्टर त्यांच्या पायाशी पडलेलं, डावा हात बाजूला लोंबत होता. मी हाक मारली तर मान माझ्या उलट्या बाजूला वळवून मला शोधायला लागले. मी त्यांच्या उजवीकडे गेले तेव्हा त्यांना दिसले. चेहऱ्याची एक बाजू ओघळली होती. सर मात्र अगदी सहज म्हणाले, "काई झालं नाई मॅडम. तास राह्यला हाये."

प्राचार्यांच्या गाडीत घालून त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर नंतर म्हणाले की वेळेवर आणलं. त्याचं श्रेय त्या मुलीचं. अर्धा फळा पाहून बाकीचा वर्ग गालात हसत होता, तेव्हा ती एकटी उठली होती.

मेंदूच्या उजव्या बाजूचा रक्तपुरवठा तुटला होता. वाचा राहिली, बुद्धी राहिली, गणित राहिलं. डावा हात आणि पाय अधू झाले. हे सगळं समजण्यासारखं होतं. न समजण्यासारखी गोष्ट डॉक्टरांनी आम्हाला व्हरांड्यात बोलावून सांगितली. सरांचे डोळे ठीक आहेत, पण त्यांच्या मेंदूनं डाव्या बाजूची दखल घेणं सोडलं आहे. डावीकडे जग आहे हेच त्यांना जाणवत नाही, आणि काही कमी झालंय असंही वाटत नाही. शोभावहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, पदर घट्ट धरून ऐकत होत्या. त्यांनी डॉक्टरांना एवढंच विचारलं, की हे परत येतं का. डॉक्टर म्हणाले, पुष्कळदा बरंच येतं, पण आणावं लागतं.

सर अकोल्याला घरी गेले. काही महिन्यांनी मी निवृत्त झाले आणि दर आठवड्याला एसटीनं अकोल्याला जाऊ लागले. वहिनी मला दारातच गाठून आठवड्याचं सांगायच्या. ताटात उजवीकडचं तेवढं जेवतात, डावीकडची भाजी तशीच राहते आणि वर विचारतात की आज भाजी काहून केली नाही. ताट फिरवून ठेवलं की ती खातात. दाढी अर्ध्याच गालाची करतात. चालताना डावा खांदा चौकटीला आदळतो, आणि चौकट मधे आली म्हणून रागावतात. वहिनी हे सगळं हसत सांगायच्या. पण एकदा त्या हसल्या नाहीत. सरांनी स्कूटरची चावी मागितली होती. हात सुधारतोय, आता कॉलेजात रुजू होतो, स्टेशनपर्यंत स्कूटरनं जाईन, असं त्यांचं चाललं होतं. वहिनींनी चावी तुरीच्या डाळीच्या डब्यात लपवली होती.

"मले वाटते त्यायले मी वेडी वाटून राह्यली," त्या म्हणाल्या. "तुमी सांगून पाहा मॅडम. तुमचं गणित त्यायले पटते."

डॉक्टरांनी सांगून झालं होतं, त्यांच्या मुलीनं पुण्याहून फोनवर सांगून झालं होतं. सर सगळ्यांचं ऐकायचे आणि मान डोलवायचे. ते खोटं वागत नव्हते. जी बाजू त्यांच्यासाठी नव्हतीच, ती गेली असं त्यांना कसं पटणार? मी काय सांगणार होते, मलाही माहीत नव्हतं. त्या दिवशी चहा झाल्यावर केवळ विरंगुळा म्हणून मी एक कागद ओढला, त्यावर उणे एक अधिक आय लिहिलं आणि म्हटलं, "सर, त्रिकोणमितीय रूपात मांडा."

त्यांना बरं वाटलं. पेन घेऊन भराभर लिहिलं: अंतर दोनचं वर्गमूळ, कोन पंचेचाळीस अंश.

मला वाटलं थट्टा करताहेत. पोरांसारखा बिंदू उजवीकडे नेऊन दाखवताहेत. मग मी कागद नीट पाहिला. त्यांनी माझी संख्या खाली पुन्हा उतरवून घेतली होती, आणि ती होती एक अधिक आय. उण्याची खूण कागदाच्या डाव्या कडेला होती. ती त्यांनी वाचलीच नव्हती.

मी कागद उलटा करून ठेवला. म्हटलं, "सर, आता लिहू नका. मी बोलते, तुम्ही तोंडी सांगा. उणे एक अधिक आय."

"दोनचं वर्गमूळ, एकशे पस्तीस," ते क्षणाचाही विचार न करता म्हणाले.

"आता तोच बिंदू कागदावर दाखवा."

त्यांनी उभी रेघ ओढली. तिच्यापासून आडवी रेघ उजवीकडे नेली आणि थांबले. पेन उभ्या रेघेजवळ येऊन घुटमळायला लागलं. वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. वर्गात एका दमात गोल काढणारा तो हात जागा शोधत होता. वहिनी दारात उभ्या होत्या. बऱ्याच वेळानं सरांनी माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, उण्याची बाजू कुठी हाये?"

 

ते पुन्हा कागदाकडे वळले. स्वतःशीच पुटपुटले, की एकशे पस्तीस तर बरोबर आहे, नव्वदच्या पुढं जा लागते. नव्वदच्या पुढं काही नव्हतं. उभ्या रेघेपाशी त्यांचा कागद संपत होता. मग पेन खाली ठेवून ते म्हणाले, "कोन बरोबर हाये, म्हणजे कागद चुकला."

"कागद बरोबर आहे, सर."

"मंग मीच."

कोणी तरी सांगितलेलं सत्य आणि स्वतः सोडवून आलेलं सत्य यात केवढा फरक असतो, हे मी जन्मभर वर्गात सांगत आले होते. त्या दुपारी ते समोर पाहिलं, आणि पाहवलं नाही.  मग सरांनी वहिनींना जवळ बोलावलं आणि विचारलं, "थे भाजीचं तू म्हणत होती, थे खरं हाये?" वहिनींनी मानेनं होकार दिला आणि त्या आत निघून गेल्या. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला.

त्यानंतर चावीचा विषय निघाला नाही. काही दिवसांनी सरांनी स्वतःच पुतण्याला बोलावून स्कूटर देऊन टाकली.

मग खरं काम सुरू झालं. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी एक साधी युक्ती दिली होती. कागदाच्या डाव्या कडेला जाड लाल पट्टी चिकटवायची. ती पट्टी दिसेपर्यंत मान वळवत राहायचं, आणि दिसली की तिथून वाचायला लागायचं. हे त्या आधीपासून सांगत होत्या, पण गरजच नाही म्हणून सर टाळत होते. आता त्यांनी ते मनावर घेतलं. मी एसटीत बसल्या बसल्या त्यांच्यासाठी उदाहरणं तयार करायचे. सगळी मुद्दाम दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणातली, म्हणजे बिंदू कायम डावीकडे. मूर्तिजापूर येईपर्यंत माझा पेपर तयार असायचा. नोकरीत असताना मी इतक्या निगुतीनं पेपर काढले नसतील.

"लई दुष्ट हा तुमी," सर म्हणायचे. "एखादं तं उजवीकडचं देत जा."

मी द्यायचे नाही. ते मान वळवायचे, कपाळावर घाम यायचा, लाल पट्टी सापडली की "हां" म्हणायचे आणि तिथून उणं पकडून आणायचे. कधी ते वाटेतच निसटून जायचं. कधी बिंदू बरोबर पडायचा आणि पुढच्याच उदाहरणाला पुन्हा सगळं उजवीकडे. वहिनींनी तीच युक्ती स्वयंपाकघरात नेली. ताटाच्या डाव्या बाजूला लाल मिरचीचा ठेचा वाढायला लागल्या. सरांना ठेचा प्रिय, त्यामुळे ते शोधत डावीकडे जायचे आणि वाटेत भाजी सापडायची. बाईंच्या युक्तीपेक्षा वहिनींची जास्त लागू पडली असं माझं मत आहे.

सगळे दिवस असे हसरे नव्हते. उन्हाळ्यात एकदा सरांनी पेन भिरकावलं आणि म्हणाले की आता येऊ नका, मी तुमचा विद्यार्थी नाही. मी पर्स उचलून निघाले. बसमध्ये डोळ्यांना पदर लावून बसले. पुढच्या आठवड्यात जावं की नाही याचा विचार करत करतच बसस्टँड गाठला. वहिनींनी दार उघडलं तेव्हा सर कागदावर पट्टी चिकटवून तयार बसले होते. त्यांनी फक्त विचारलं की एसटीत जागा मिळाली का.

हळूहळू बिंदू जागेवर पडू लागले. आधी पट्टी असताना, मग बारीक रेघ असताना, मग कधी कधी काहीच नसताना. दाढी दोन्ही गालांची होऊ लागली. काठी घेऊन ते कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊ लागले. पण थकले, घाई झाली, की डावी बाजू पुन्हा सुटायची. ती पुरती परत यायची नाही हे आम्हा तिघांनाही कळलं होतं. नोकरीचा काही काळ उरला असताना सरांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. अमरावतीच्या त्या वर्गात त्यांच्यासारखं विहिरीवर उभं करून शिकवणारं आता कोणी नाही, ही खंत मला आहे आणि ती राहील.

यंदाच्या उन्हाळ्यात अकोल्यातल्या डिप्लोमाच्या काही पोरापोरींचा गणिताचा विषय राहिला होता. त्यांतल्या एकीची आई वहिनींच्या ओळखीची; सर यांना शिकवतील का, असं तिनं विचारलं. वहिनींनी सरांना न विचारताच होकार देऊन टाकला आणि मग मला फोन केला. म्हणाल्या, "तुमी या. मले धीर नाई."

सरांच्या घराच्या पुढच्या खोलीत सतरंज्या टाकल्या. सर खुर्चीत बसणार, मागे छोटा फळा. वहिनींनी आणि मी विचार करून सगळ्या मुलांना सरांच्या उजव्या हाताला बसवलं, दाटीवाटीनं. डावी बाजू पूर्ण मोकळी ठेवली. म्हणजे कोणी हात वर केला आणि सरांना दिसलाच नाही असं व्हायला नको. मुलांना आम्ही कारण सांगितलं नव्हतं. ती आपली एकमेकांच्या मांडीवर वह्या ठेवून बसली होती.

सर आले. काठी भिंतीला टेकवली, बसले आणि बोलायला लागले. आवाज थोडा जड झाला होता, बोली तीच होती. पोरं पहिल्यांदा हसली, मग वह्या उघडल्या. मी मागे भिंतीला टेकून ऐकत होते. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात होत्या.

पहिलं उदाहरण सांगता सांगता सर थांबले. मला वाटलं थकले. त्यांनी उजवीकडच्या गर्दीकडे पाहिलं, मग सावकाश मान डावीकडे वळवायला सुरुवात केली. खिडकी गेली, कपाट गेलं, मान वळतच राहिली आणि रिकाम्या सतरंजीवर येऊन थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं. आमची लबाडी त्यांना कळली होती.

मग ते मुलांना म्हणाले, "हे पाहा, मले एक बेमारी झाली होती. तवापासून मले डाव्या अंगाचं लवकर दिसत नाई. मुद्दाम पाहा लागते. तुमी सारे तिकडे बसले तं मी इकडे पाहीनच काहून? थोडे जण इकडे येऊन बसा. मी चुकलो तं आवाज द्या."

खोलीत चुळबुळ झाली. कोणी उठेना. मग मधल्या रांगेतली एक मुलगी वही छातीशी धरून उठली, सरांच्या समोरून गेली आणि डावीकडच्या रिकाम्या सतरंजीवर अगदी कडेला जाऊन बसली. सरांनी मान वळवली. ती त्यांना सापडायला जरा वेळ लागला. ती हलली नाही, काही बोललीही नाही, नुसती बसून राहिली.

"हां," सर म्हणाले. "दिसली. नाव सांग, बेटा."

तिनं नाव सांगितलं. तिच्यामागून आणखी दोघं उठले, मग आणखी कोणी. सर थांबून एकेकाला शोधत होते आणि नाव विचारत होते. तास संपला तेव्हा उजवीकडची सतरंजी जवळजवळ रिकामी झाली होती.